जीन, खळे आणि दवाखाना : वऱ्हाडातील रक्तस्रावाच्या उपचाराचा इतिहास

वऱ्हाडाचा अर्वाचीन इतिहास बहुधा कापसाच्या भावांवरून, रेल्वेच्या फाट्यांवरून आणि दुष्काळाच्या सालांवरून सांगितला जातो. परंतु अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत गेल्या दोनशेहून अधिक वर्षांत रणांगणावर, जिनात, खळ्यावर, बाळंतिणीच्या खोलीत आणि हमरस्त्यावर माणसांचे जे रक्त वाहिले, ते थांबवण्यासाठी कोणी काय केले, हा प्रश्न त्या इतिहासाच्या समासातच राहिला आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते, त्यातले दोन लिटरच्या आसपास झपाट्याने गेले तर जीव धोक्यात येतो, आणि मांडीतील मोठी धमनी, म्हणजे हृदयाकडून पायाकडे रक्त नेणारी वाहिनी, तुटली तर एवढे रक्त जायला काही मिनिटे पुरतात. या हिशेबात वैद्य, डॉक्टर आणि दवाखाना यांचा क्रम दुसरा लागतो. पहिला क्रम जखमीच्या शेजारी जो कोणी उभा असेल त्याचा. जखम दाबून धरावी आणि तेवढ्याने भागले नाही तर तिच्या वर आवळून बांधावे, हे ज्ञान जुनेच आहे. वऱ्हाडात ते कोणाला शिकवले गेले आणि कोणाला शिकवायचे राहून गेले, हा मात्र इतिहासाचा विषय आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्त थांबवण्याचे चार उपाय दिले आहेत : संधान, म्हणजे तुरट द्रव्यांनी जखमेच्या कडा जुळवून आणणे, स्कंदन, म्हणजे थंडाव्याने रक्त गोठवणे, पाचन, म्हणजे राखेने जखम सुकवणे, आणि दहन, म्हणजे डाग देऊन वाहिन्या आकसवणे. या चारांतील डाग हा शेवटचा, बाकीचे उपाय फसले तरच करायचा, असा क्रमही तेथे सांगितला आहे. वऱ्हाडी घरांत चालत आलेले उपाय या चौकटीत सहज बसतात. तुरटी फिरवणे हे संधान, ओल्या फडक्याची घडी ठेवणे हे स्कंदन, आणि जळलेल्या कापसाची किंवा चिंधीची राख जखमेत भरणे हे पाचन. हळद आणि कंबरमोडीचा रस यांचीही भर त्यात आहे. बांधाबांधावर उगवणारी आणि एकदांडी या नावानेही ओळखली जाणारी ही कंबरमोडी पिढ्यान् पिढ्यांचे औषध मानली जाते, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची असून तिकडूनच भारतात आली आहे. परंपरा म्हणून जे सांगितले जाते त्याचे वय दर वेळी फार मोठे असतेच असे नाही. हे सारे उपाय विळ्याच्या किंवा धसकटाच्या जखमेपुरते ठीक होते. धमनीतून उसळणाऱ्या रक्तापुढे राख आणि पाला दोन्ही वाहून जातात, आणि तशा जखमेसाठी घरगुती परंपरेजवळ डागाखेरीज फारसे काही नव्हते.

तशा जखमा मोठ्या संख्येने एकाच दिवशी झाल्याचे वऱ्हाडातील ठळक उदाहरण म्हणजे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर झालेली लढाई. आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तेथे नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला, १५ डिसेंबरला मेळघाटच्या तोंडाशी असलेला गाविलगड घेतला, आणि त्यापाठोपाठ देवगावचा आणि सुर्जी-अंजनगावचा असे दोन तह झाले. अडगावला इंग्रजांच्या बाजूचे साडेतीनशेच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले, आणि त्यांत जखमींची संख्या मेलेल्यांच्या कितीतरी पट होती. कंपनीच्या पलटणींबरोबर शल्यचिकित्सक असत आणि जखमींना उचलून नेण्यासाठी डोल्या व भोई असत. शल्यचिकित्सकांच्या पेटीत टूर्निकेट असे. अवयवाभोवती आवळून खालचा रक्तप्रवाह पुरता बंद करणारा हा पट्टा पॅरिसच्या झां-लुई पेती याने १७१८ च्या सुमारास स्क्रू बसवून सुधारला होता. मात्र त्या काळी हे साधन मुख्यतः हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी वापरले जाई, म्हणजे जखमी माणूस डोलीतून तंबूपर्यंत जिवंत पोहोचला तरच त्याचा उपयोग होई. जखमींना लढाई चालू असतानाच उचलून नेणारी हलकी रुग्णवाहने फ्रान्सच्या फौजेत दोमिनिक लारे याने त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी सुरू केली होती, पण इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत तशी शिस्त तेव्हा नव्हती. मराठी बाजूला जखमी शिपायाला औषधपाण्यासाठी रक्कम आणि पडलेल्याच्या मुलाबाळांना बालपरवेशी, म्हणजे पोटगी, देण्याची चाल होती. ती उदार होती यात शंका नाही. पण दोन्ही फौजांची सारी तजवीज जखम होऊन बराच वेळ गेल्यानंतरची होती, आणि हाच प्रकार पुढे कारखान्यांच्या कायद्यातही दिसतो.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व भाव आला, १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली, आणि पुढच्या काही दशकांत अकोला, अमरावती, खामगाव, मूर्तिजापूर अशा गावांत वाफेवर चालणारी जिने, म्हणजे सरकी काढण्याचे कारखाने, आणि प्रेस उभे राहिले. सरकी आणि रुई वेगळी करणे हे काम त्याआधी घरोघरच्या रेच्यावर होत असे. रेचा म्हणजे दोन दांड्यांमधून कापूस ओढून सरकी मागे ठेवणारे हातयंत्र. त्यात बोट चिमटले तरी हात थांबला की यंत्र थांबे. जिनात ही सोय उरली नाही. तेथे कातडी बसवलेला लाकडी रूळ फिरत राहतो, त्याला टेकून एक पाते स्थिर असते आणि दुसरे वरखाली आपटत सरकी झाडत असते, आणि कामगार, बहुतेक ठिकाणी बाई, त्या पात्याच्या तोंडाशी हाताने कपाशी सारत असते. अशी दहावीस यंत्रे एका ओळीत असतात आणि त्यांना फिरवणारा लांब दांडा ओळीच्या खालून, भुयारासारख्या चरातून जातो. बोटे पात्याखाली जात. लुगड्याचा पदर किंवा केस पट्ट्यात आणि दांड्यात सापडत. साफसफाईसाठी चरात उतरलेल्या माणसाचा हात खांद्यापर्यंत ओढला जाई. वऱ्हाडाला लागून असलेल्या खानदेशातील जिनांविषयी १८८४–८५ च्या मुंबई फॅक्टरी आयोगापुढे आलेल्या साक्षींत बायका पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत कामावर असल्याचे नमूद आहे. हंगामाच्या भरात सोळा-सोळा तास उभ्या राहिलेल्या माणसाचा हात पात्यात जाणे याला अपघात म्हणावे की कामाच्या पद्धतीचा परिणाम, हा प्रश्न त्या साक्षी वाचताना टाळता येत नाही.

हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. यंत्रांना कुंपण घालावे असे त्यात होते, पण शंभरांपेक्षा कमी माणसे असलेले आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त न चालणारे कारखाने त्यातून वगळले होते, आणि जिने तर हंगामीच. हंगामी कारखान्यांना कायद्याखाली आणण्याचे काम १९११ च्या कायद्याने केले. वऱ्हाडाच्या बाबतीत आणखी एक अडचण होती : १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे असला तरी कायद्याने हा मुलूख निजामाचाच होता, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, ते स्वतंत्र आदेशाने लावावे लागत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने शरीराच्या एकेका भागाची किंमत ठरवली. अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा २५ ने घटली असे धरायचे, तर्जनी गेली तर १० ने, इतर कोणतेही बोट गेले तर ५ ने. कोपरापासून उजवा हात गेला तर ७० आणि डावा गेला तर ६०. रक्त थांबवण्याची तजवीज त्यानंतरच्या कायद्यांनी केली. १९३४ च्या कायद्यात प्रथमोपचाराच्या साहित्याची तरतूद आली, आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४५ ने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, ती सांभाळणारा जबाबदार माणूस, आणि पाचशेहून अधिक कामगार असल्यास स्वतंत्र उपचारखोली सक्तीची केली. म्हणजे तुटलेल्या बोटाचा दर आधी ठरला आणि त्या बोटावर बांधायची पट्टी नंतर आली. कायदा करणाऱ्यांच्या हेतूविषयी यावरून काही ठरवणे अन्यायाचे होईल, परंतु क्रम असा होता हे खरे.

त्या पेटीतील कापसाचीही एक कथा आहे. जिनातून निघालेली ताजी रुई रक्त शोषत नाही. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे पाण्याचा थेंब तिच्यावरून घरंगळतो, आणि अशी रुई जखमेत भरली तर ती रक्ताला अडवण्याऐवजी जखमेला चिकटून बसते व घाण आत नेते. क्षारात उकळून आणि विरंजन करून हे मेण काढले, म्हणजेच कापूस शोषक केला, की तो मलमपट्टीच्या कामाचा होतो. ही प्रक्रिया १८७० च्या दशकात जर्मनीत व्हिक्टर फोन ब्रुन्स या शल्यचिकित्सकाच्या प्रयत्नांतून पुढे आली आणि हायडेनहाइमच्या हार्टमान कारखान्याने असा कापूस बाजारात आणला. पुढे बर्मिंगहॅमच्या सॅम्प्सन गॅमगीने १८८० मध्ये जाळीदार कापडाच्या दोन थरांत शोषक कापूस घालून पट्टी तयार केली. रॅली आणि फोल्कार्ट या युरोपीय पेढ्या वऱ्हाडातून गाठी विकत घेऊन समुद्रापार पाठवत होत्या त्याच काळातले हे शोध आहेत. कापसाच्या ढिगात उभ्या असलेल्या कामगाराची जखम बांधायला त्या ढिगातला कापूस उपयोगाचा नव्हता. त्यापेक्षा अंगावरचे धुतलेले सुती धोतर फाडून घेणे केव्हाही बरे होते, कारण धुण्या-भट्टीतून गेलेले कापड रक्त पिते.

प्रथमोपचार ही सामान्य माणसाला शिकवायची विद्या आहे, ही कल्पना याच काळातली. इंग्लंडमध्ये १८७७ मध्ये सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली आणि तिने खाणकामगार, रेल्वेचे नोकर आणि पोलीस यांचे वर्ग सुरू केले. तिकडचे वर्ग पाहून कीलच्या फ्रीड्रिख एस्मार्च याने जर्मनीत तसेच शिक्षण आणले आणि त्रिकोणी पट्टी लोकप्रिय केली. एका चौकोनी कापडाचे कर्णावर दोन तुकडे केले की दोन पट्ट्या होतात, आणि तीच पट्टी घडी घालून जखमेवर दाब देते, पसरून झोळी होते, पिळून आवळपट्टी होते. हिंदुस्थानात ही विद्या लष्कर, रेल्वे, पोलीस आणि मोठे कारखाने यांच्यामार्फत आली, १९२० मध्ये भारतीय रेडक्रॉस सोसायटी कायद्याने स्थापन झाल्यावर तिला आणखी एक वाट मिळाली, आणि शाळांतील बालवीर पथकांनी तिचा थोडासा भाग मुलांपर्यंत नेला. भुसावळ, अकोला, बडनेरा, नागपूर या लोहमार्गावरचा गार्ड किंवा स्टेशनमास्तर त्रिकोणी पट्टी बांधू शकत असे, पण रुळांपलीकडच्या शेतातल्या सालदाराला ती माहीत असण्याचे कारण नव्हते. अमरावतीला मात्र एक वेगळी संस्था होती. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आखाड्याचे रूपांतर शारीरिक शिक्षणाच्या विद्यालयात केले, १९३६ मध्ये त्याचे पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आले, आणि तेथे तयार झालेले व्यायामशिक्षक दूरदूरच्या शाळांत गेले. ग्रामीण शाळेत जखमी मुलाकडे सर्वांत आधी धावणारा माणूस बहुधा हा व्यायामशिक्षकच असतो, ही गोष्ट शिक्षणखात्याच्या अहवालांपेक्षा पालकांना अधिक ठाऊक असते.

आवळून बांधण्याच्या उपायाविषयी वऱ्हाडात, आणि एकंदर महाराष्ट्रातच, एक उलटी गोष्ट घडली आहे. टूर्निकेट म्हटले की ग्रामीण माणसाला जखम आठवत नाही, साप आठवतो. सर्पदंश झाला की दंशाच्या वर दोरी, सुतळी, दुपट्टा जे मिळेल ते करकचून बांधायचे, हे घरोघर माहीत आहे; आणि सर्पदंशाच्या आजच्या उपचारपद्धतीत नेमके तेच निषिद्ध आहे, कारण त्याने विष थांबत नाही, रक्तपुरवठा मात्र तुटतो, आणि बंध एकदम सोडला की रुग्णाची प्रकृती ढासळू शकते. उलट ज्या जखमेत धमनी तुटून रक्त उसळत असते आणि दाबूनही थांबत नाही, तेथे हाच उपाय जीव वाचवतो, आणि तेथे तो कोणाला सुचत नाही. यात डॉक्टरांचाही काही वाटा आहे. पहिल्या महायुद्धात तासन् तास आवळलेले राहिलेले हातपाय कापावे लागल्यामुळे टूर्निकेटची बदनामी झाली, आणि पुढची कित्येक दशके प्रथमोपचाराच्या पुस्तकांनी त्याला अगदी शेवटचा, जवळजवळ वर्ज्य उपाय ठरवले. २००१ नंतरच्या अफगाणिस्तान आणि इराक येथील युद्धांत अमेरिकन फौजांच्या अनुभवाने हे मत फिरले : रुंद पट्टा, जखमेच्या पाचसात सेंटीमीटर वर, सांधा टाळून, रक्त पूर्ण थांबेपर्यंत पीळ देऊन बांधला, बांधल्याची वेळ लिहून ठेवली आणि दोन तासांच्या आत शस्त्रक्रिया मिळाली, तर अवयव सहसा जात नाही. सुतळी किंवा तार यांनी हे साधत नाही. ती मांसात रुतते आणि धमनी तरीही वाहत राहते. रुंद कापड आणि पिळायला एखादे मजबूत लाकूड, एवढे लागते.

ही माहिती ज्या जागी सर्वांत जास्त लागते ती जागा म्हणजे खळे. बैलांच्या पायाखालची मळणी मागे पडून वऱ्हाडात मळणीयंत्र आले, ज्वारीसाठी आणि नंतर सोयाबीनसाठी. बोलीत त्याला हडंबा म्हणतात. जिनातल्या पात्याने बोटे जात, हडंब्यात मनगट किंवा अख्खा हात जातो, कारण पेंढी आत ढकलणारा हात फिरत्या पिंपाने पेंढीसकट ओढला जातो. देशभर अशा अपघातांची ओरड झाल्यावर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम केला, आणि पेंढी सारण्याची घसरण किमान ९० सेंटीमीटर लांब व तिचा यंत्राकडचा अर्धा भाग झाकलेला असावा, असे भारतीय मानक सांगते. हात पिंपापर्यंत पोहोचूच नये, एवढाच या मापांचा अर्थ. पण कायद्याचा भर यंत्र बनवणाऱ्यावर आहे, आणि हंगामात भाड्याने एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर जाणाऱ्या यंत्राबरोबर प्रथमोपचार शिकलेला माणूसही फिरतो, असे सहसा घडत नाही. जिनातल्या कामगाराला उशिरा का होईना पेटी मिळाली. त्याच कामगाराच्या शेतकरी भावाला, ज्याने तो कापूस पिकवला, नुकसानभरपाईच आधी मिळाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या राज्य योजनेत मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख रुपये आणि एक अवयव गेल्यास एक लाख, असा हिशेब आहे, आणि तो १९२३ च्या कोष्टकाच्याच घराण्यातला आहे.

बाळंतपणातील रक्तस्रावाची कथा यापेक्षा आशादायक आहे. वार पडल्यानंतर गर्भाशय आकसले नाही तर रक्त आतून वाहत राहते, तेथे बाहेरून दाबायला जखमच नसते. अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग ही स्त्री रुग्णालये व्हाइसरॉयांच्या पत्नींच्या नावांनी उभी राहिली, आणि ज्या बाया तेथवर पोहोचत त्यांचीच सोय त्यांनी केली. बाकीच्या सुईणीच्या हाती होत्या. हा रक्तस्राव रोखण्याचे ज्ञान दवाखान्याबाहेर नेता येते याचा पुरावा बेळगाव जिल्ह्याने दिला. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खेड्यांतील परिचारिकांनी १,६२० बाळंतिणींपैकी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉल या गोळ्या दिल्या, आणि पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून साडेसहाच्या खाली आले. किती रक्त गेले हे अंदाजाने न सांगता बाळंतिणीखाली अंथरलेल्या, मोजमापाच्या खुणा असलेल्या पिशवीत मोजले गेले. अंदाजाने सांगितलेला आकडा जवळजवळ नेहमी कमी असतो, हे दाई आणि डॉक्टर दोघांनाही लागू आहे.

रस्त्यावरच्या जखमीला हात लावायला लोक धजत नसत, त्याचे कारण अज्ञानापेक्षा भीती हे होते : पंचनामा, साक्ष, पोलिसांच्या फेऱ्या. अपघातग्रस्तावर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, कायद्याचे सोपस्कार नंतर, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात दिला. मदत करणाऱ्या नागरिकाच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली, आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात ती कलम १३४अ म्हणून आली. अमरावती–अकोला महामार्गाचे ७५ किलोमीटर डांबरीकरण जून २०२२ मध्ये पाच दिवसांच्या आत अखंड पूर्ण होऊन जागतिक विक्रम झाला, त्याची जेवढी चर्चा झाली तेवढी या कलमाची झालेली नाही. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका सुरू झाल्या, त्यांपैकी २३३ प्रगत साधनांच्या होत्या; अमरावतीत ‘आयर्विन’ आणि अकोल्यात ‘सर्वोपचार’ म्हणून लोक ज्यांना ओळखतात त्या रुग्णालयांपर्यंत पोहोचणे त्यामुळे पूर्वीपेक्षा सोपे झाले.

मेळघाटात मात्र अंतर हाच मुख्य शत्रू राहिला. धारणीहून सेमाडोहच्या घाटातून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर पडते, आणि पाड्यापासून धारणीपर्यंतची वाट वेगळीच, म्हणून पुढे येथे दुचाकी रुग्णवाहिका आणाव्या लागल्या. मोहफुले वेचणाऱ्या किंवा लाकूडफाट्याला गेलेल्या कोरकू आदिवासी माणसावर अस्वल चालून येते तेव्हा ते मागच्या पायांवर उभे राहून डोके आणि चेहरा फाडते. अशा जखमा पाहणाऱ्याला हतबल करतात, कारण डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या दाट असतात आणि फाटल्यावर त्या आकसत नाहीत, त्यामुळे रक्त भळभळा वाहते. पण त्याच कातडीखाली कवटीचे कठीण हाड असते, आणि ते फुटलेले नसेल तर लोंबणारी कातडी जागेवर बसवून, वर स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवून, दोन्ही तळव्यांनी दहा-पंधरा मिनिटे न उचलता दाबले की हा रक्तस्राव बहुतेक वेळा थांबतो. भिजलेली घडी काढायची नसते, तिच्यावरच दुसरी ठेवायची असते.